भिंत न मिळालेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. म्हणायला भिंतीवरचा, पण माझं जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून गेलं. मी उंचीला बेताचा. त्यामुळे मला माणसांचे पाय दिसायचे, आणि जरा मागे कललेला असल्याने वरचं छत दिसायचं. मधला माणूस मात्र राहूनच जायचा.

मला घडवलं ते माझ्या मालकीणबाईंच्या वडिलांनी. ते सुतार होते. एका दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाच्या लाकडात त्यांनी मला बसवलं, मागे पितळी कडी लावली आणि लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर पाठवलं. "जावईबापू, याला चांगली भिंत बघून द्या," असं ते म्हणाले. जावईबापूंनी मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या मालकांचा हात कोणी धरणार नाही.

मालकांचा धंदा घरांचा. पडीक घर स्वस्तात घ्यायचं, त्याच घराच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड मांडायचं आणि पुढून एकेक खोली दुरुस्त करत यायचं. रंग सुकला की घर विकायचं. मनासारखा भाव आला नाही तर भाड्याने द्यायचं. मग पुढचं पडीक घर. रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून ते सारखे म्हणायचे, "अजून एक हात मार रे!" त्यावरून कारागिरांनी त्यांचं नाव 'एकहाते' ठेवलं होतं. अर्थात, पाठीमागे.

पहिल्याच घरात बाई हातोडी आणि खिळा घेऊन उभ्या राहिल्या. "अहो, हा इथे लावू?"

"अगं, वेडी की काय! नव्या भिंतीला भोक? गिऱ्हाईक आधी भोकच बघतं."

"मग कुठे लावू?"

"पुढच्या घरात लावू."

पुढचं घर आलं आणि गेलं. त्याच्या पुढचंही आलं आणि गेलं. ही खिळाबंदी भाडेकरूंनाही लागू होती, त्यामुळे आमच्यावरच अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. भाडेकरू निदान कुरकुरायचे. बाई खिळा पुन्हा डब्यात टाकायच्या.

एकदा घरं विकून देणारा एजंट आला आणि माझं नशीब पालटलं, असं मला वाटलं. "वहिनी, हा आरसा खिडकीसमोर टेकवा बघू. बघा! खोली दुप्पट झाली की नाही? दादा, हा आरसा नाही, भागीदार आहे तुमचा!"

मित्रांनो, मी फुशारलो. तेव्हापासून माझी जागा पुढच्या रिकाम्या खोलीत. मागच्या खोलीत भांडी वाजायची, बोलणं चालायचं. पुढे मी आणि ओल्या रंगाचा वास. रंग लागेल म्हणून कोणी आत येत नसे. दिवसभर समोरच्या खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत माझ्यापर्यंत यायचं आणि न थांबता जायचं. तेवढीच माझी सोबत.

गिऱ्हाइकं आली की मात्र गंमत. नुसते बघायला आलेले लोक खोलीच्या मधोमध उभे राहून गिरकी घेतात आणि "छान, छान" म्हणतात. घेणारा कधीच छान म्हणत नाही. तो थेट कोपऱ्यात जातो, टाचेने फरशी ठोकतो आणि नाक मुरडतो. मग त्याच्या बायकोचे पाय त्याच्या पायांजवळ येतात, कुजबुज होते. ती कुजबुज ऐकली की समजावं, आपलं सामान बांधायची वेळ झाली. फार उशिरा माझ्या लक्षात आलं, की मी जितकं चांगलं काम करतो तितक्या लवकर आम्ही घराबाहेर पडतो.

एक घर मात्र बाईंच्या मनात भरलं. लहानसंच होतं, पण स्वयंपाकघराचं दार मागच्या अंगणात उघडायचं. त्या बोलल्या नाहीत. मला त्यांच्या चपलांवरून कळलं. इतर घरांत त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून, निघायच्या तयारीत असायच्या. इथे त्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून नीट ठेवलेल्या दिसू लागल्या.

शेवटी त्यांनी विषय काढला. "हे घर ठेवू या ना."

"ठेवून काय करायचं?"

"राहायचं."

मालक हसले. "राहायला काय, आपण सगळ्याच घरांत राहतो की!"

त्या रविवारी गिऱ्हाईक यायच्या आधी बाईंनी मला उचलून उलटा ठेवला, तोंड भिंतीकडे. मला फक्त बोटभर अंतरावरचा पांढरा रंग दिसत होता. मागून आवाज आला, "खोली जरा लहानच वाटते, नाही?" आणि पावलं निघून गेली.

"हा उलटा कोणी केला?" मालकांनी विचारलं.

"मी."

"का?"

"त्याला एकदा तरी भिंत दिसू दे."

पुढच्या रविवारी मालकांनी मला स्वतःच्या हाताने सरळ ठेवलं. घर विकलं गेलं.

टेम्पोत सामान चढताना बाई म्हणाल्या, "मी ताईकडे जाते थोडे दिवस."

"आणि हा आरसा?"

"तो तुमचा भागीदार ना? तुम्हीच न्या."

नंतरच्या घरात पायांचा एकच जोड उरला. बाईंचे 'थोडे दिवस' सरता सरेनात. मालकांनी घाईने कामं उरकली. छताला ओल होती. तिच्यावर भेगा बुजवायची लांबी भरून रंगाचे दोन हात मारून ती झाकली. मी छताकडे बघत होतो, पण मला विचारतो कोण?

मागच्या खोलीत आता कोणी नव्हतं, म्हणून मालक डबा घेऊन पुढेच येऊन बसू लागले. जमिनीवर, माझ्यासमोर. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला! त्यांनाही तो बऱ्याच दिवसांनी दिसला असावा. कानशिलावरच्या केसांवर पांढरा रंग उडालेला पाहून त्यांनी थिनरचं फडकं घेतलं आणि घासलं. पुन्हा घासलं. रंग निघेना. तो रंग नव्हताच. फडकं हातात धरून ते तसेच बसून राहिले. डब्यातला घास त्या दिवशी डब्यातच राहिला.

मग त्यांनी एजंटला फोन लावला. "रविवारी कोणाला आणू नकोस."

"का दादा, भाव वाढवायचाय?"

"नाही. राहायचंय."

पलीकडे एजंट हसला असावा, कारण मालकांनी फोन कानापासून लांब धरला. त्यानंतर खिळा ठोकल्याचा आवाज झाला आणि मी हवेत उचलला गेलो. दुसरा फोन बाईंना.

"खिळा मारलाय."

"कोणाच्या भिंतीत?"

"आपल्या."

मग बाईंनी विचारलं, "किती उंचीवर?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा माझ्यात बरोबर मधोमध होता.

"मी येऊन बघते," बाई म्हणाल्या.

त्या आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, तर मला त्यांचा फक्त भांग दिसला. त्यांनी टाचा उंचावल्या; कपाळ दिसलं. "हा तुमच्यासाठी लावलाय," त्या म्हणाल्या. "आणि वर छताचा रंग फुगलाय, ओल आहे. झाकलीत ना?"

"विकायचं होतं तेव्हा झाकली."

"मग आता काढा. राहायच्या घरात झाकून चालत नाही."

मालकांनी खिळा उपटला आणि वीतभर खाली, बाईंना विचारून, दुसरा मारला. त्या भिंतीला आता दोन भोकं आहेत. वरचं अजून कोणी बुजवलेलं नाही.

इथे अंगण नाही. ते घर गेलं ते गेलंच, आणि बाई कधी कधी माझ्यासमोर वेणी घालताना मध्येच थांबतात तेव्हा त्यांना तेच आठवत असतं. मलाही आता पाय दिसत नाहीत. दारात कोण आलं हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायला मी अजून शिकतोय.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू 'पुढे बघू' म्हणून भिंतीला टेकवून ठेवली असेल, तर तिला आजच जागा द्या. आणि एखादं माणूसच तसं टेकून बसलं असेल, तर खिळा ठोकण्याआधी त्याची उंची विचारा.