कुआंगवहिनींचा होकार

...आणि ते ताट, चार खणांचं, स्टीलचं, परदेशातल्या कॅम्पच्या खाणावळीत असतं तसलं, फुलाफुलांच्या वाडग्यांमध्ये निथळत उभं होतं, लग्नघरात गणवेशात आलेल्या शिपायासारखं. कुआंगच्या स्वयंपाकघरात बसलेल्या शाओची नजर तिथून हलेना. कंपनीच्या मनुष्यबळ विभागात इतकी वर्षं काढल्यावर नुसता घरातला फ्रीज पाहून त्याला कळायचं, नवरा पुन्हा बाहेर जायला तयार होईल की नाही ते. हे ताट मात्र कुठे धरायचं... जमेत की खर्चात?

"त्या ताटाशिवाय हे जेवत नाहीत," मिरच्या चिरता चिरता कुआंगवहिनी म्हणाल्या. "मी नवरा परत मागितला होता, शाओसाहेब. तुम्ही खाणावळ पाठवलीत."

तो हसला. हसण्याचाही पगार मिळत होता त्याला. झांबियातल्या पुलाच्या कामाला मुकादम म्हणून पुन्हा कुआंगच हवा होता. त्याच्यामागून दोन मुकादम पाठवून झाले, दोघेही कामात चोख, दोघेही ओरडणारे, आणि तिथले कामगार दोघांनाही विटले. कुआंगच्या एका शब्दावर पावसात उभी राहणारी तीच माणसं आता ऊन असलं तरी येत नव्हती. कुआंग म्हणाला होता, घरात विचारा. संचालक म्हणाले होते, तो नाही गेला तर पूल हातचा जाईल, आणि पुलाबरोबर तूही.

मुलीची फी, जादा रजा, विमा... शाओने एकेक मांडलं. सुरी थांबली नाही.

"मला न्या," वहिनी म्हणाल्या.

"कॅम्पवर कुटुंब न्यायचं नाही, वहिनी. नियम आहे."

"नियमाला बायको आहे का?"

शाओने विम्याचा कागद पुढे सरकवला.

"तीन वर्षं फोनवर संसार केला. परत आले, मी चहा दिला, तर मला 'आभारी आहे' म्हणाले. पाहुण्यासारखे. तेवढं घालवायला दोन वर्षं गेली माझी. आता पुन्हा पाठवू, पुन्हा शिकवू? मुलगी आजीकडे राहील, तिला विचारलंय. दोघं जाऊ, नाहीतर कुणीच नाही."

रडणाऱ्या बायका त्याने पाहिल्या होत्या, रक्कम वाढवून मागणाऱ्या, दार न उघडणाऱ्या... पण त्याने मांडलेल्यातलं काहीच न उचलता ही बाई नेमकं तेच मागत होती, जे कंपनीच्या कुठल्याच यादीत नव्हतं. आणि हिशेब तिचाच बरोबर होता. कॅम्पवरून दुसऱ्या वर्षी पळून येणारी माणसं कशाला पळून येतात, यावर आम्ही बैठकांमागून बैठका घेतल्या, माझ्यासारखे हुशार लोक बसवून, आणि इथे मिरच्या चिरता चिरता... मी तर कधी शहराबाहेरही बदली घेतली नाही, रोज सातला घरी, आणि तरी माझी बायको लान मला वाढताना शेवटचं काय बोलली?... आठवेना.

जिन्यात कुआंग भेटला, हातात भाजी. "काय म्हणाली?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कोण विचारतं," कुआंग म्हणाला, आणि इतक्या सुखाने हसला की शाओला त्याचा हेवा वाटला.

रस्त्यावर येऊन तो उभा राहिला. बायको नाही म्हणते, एवढं कळवलं तर कुणी दोष दिला नसता. रिवाजच होता तसा. पण मनात संचालकांसमोरचं बोलणं सुरू झालं होतं... साहेब, नियम चुकीचा आहे... दोघांना पाठवू या... आणि गंमत अशी की वाक्यं वहिनींची होती, आवाज त्याचा स्वतःचा, आणि तो आवाज, संचालकांसमोर नेहमी उतरायचा तसा, अजून उतरत नव्हता.