पेटीतला भुंगा

"कॉन्स्टान्स, तुझ्या पेटयेत भुंगो शिरलो काय रे?" रोझाने माईक तोंडापासून दूर धरून विचारलं.

गात होती ती, पण खोलीभर ऐकू येत होतं ते 'घूंऽऽ'. कॉन्स्टान्सियोने कपाळाला हात लावला. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला सर्किटं जोडायचा नाद होता, आणि ॲम्प्लिफायरची ही पेटी त्याने खास बायकोसाठी बांधली होती. गेल्या वर्षी रोझाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र बसला. आचऱ्याच्या त्यांच्या वाडीत मे महिन्यात क्रुसापुढे सगळे मिळून लदीन गातात. त्या प्रार्थनेची ओळ आधी रोझा म्हणायची आणि मग तिच्या मागून सगळी वाडी. यंदाची लदीन आज संध्याकाळी होती.

"ह्यो आवाज असोच रवलो तर मी उभी रवचंय नाय," ती म्हणाली. "शेजारच्या ब्रेंडाक सांगतंय. तिचो गळो बरो आसा."

"बरो आसा. पण माका तुझो आयकाचो आसा."

दुपारपर्यंत त्याने जंग जंग पछाडलं. खाऱ्या हवेने काळे पडलेले सांधे घासून पुन्हा डाख दिला. वीजपुरवठ्यातला कपॅसिटर बदलून मोठा घातला. फ्रीज बंद करून पाहिला, त्यात दूध नासलं आणि बोलणी खाल्ली. घूंऽऽ काही हटेना.

खोट त्याला दिसणं कठीणच होतं, कारण तिथेच त्याचा अभिमान होता. हयातभर फायलींचे गठ्ठे आवळलेला माणूस. पेटीतल्या सगळ्या वायरी त्याने एकत्र घेऊन दोऱ्याने सुबक बांधल्या होत्या, विजेची जाड वायर आणि माईकची बारीक वायर अगदी अंगाला अंग लावून. शेवटी नाइलाजाने त्याने दोरा कापला. माईकची वायर बाजूला उचलली, तर आवाज बारीक झाला. खाली ठेवली, की मोठा.

"गो, हकडे ये. विजेचो आवाज माईकच्या वायरीत शिरता. मीच तेंका एकत्र बांधलंय."

रोझाला चर्चमधली जुनी रीत आठवून हसू आलं. "मगे पूर्वी इगर्जीत दादले एका बाजूक नि बायलो दुसऱ्या बाजूक बसत, तशे बसव तेंका."

त्याने तसंच केलं. माईकला जाळीचं वेष्टण असलेली वायर घातली आणि ती पलीकडच्या कडेने नेली. पेटी आतून इतकी गबाळी दिसू लागली की त्याला बघवेना. त्याने झटकन झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी क्रुसाभोवती मेणबत्त्या लागल्या, उकडलेल्या चण्यांचं पातेलं आलं. रोझाने माईक घेतला. पेटी इतकी गप्प होती की चालू आहे ना, ते ब्रेंडाने वाकून पाहिलं. मग पहिली ओळ आली. आवाज पूर्वीचा नव्हता, जरा खरखरीत होता, पण शब्द न शब्द पार मागच्या माडांपर्यंत पोचला आणि वाडी मागून म्हणू लागली.

पुढच्या ओळीआधी रोझाने श्वास घेतला. तोही सगळ्यांना ऐकू आला, लांब, कष्टाचा. कॉन्स्टान्सियोचा हात आवाज कमी करायच्या बटणाकडे गेला. रोझाने त्याच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

त्याने हात मागे घेतला. तिचा श्वास पुरा होईपर्यंत सगळी वाडी थांबली.