मधली रेघ

उपग्रहाला जात कळत नाही, हे भावनाचं आवडतं वाक्य होतं. लखनौतल्या निशातगंजच्या घरात, ऑफिसात डबा खाताना, कुठेही ती ते ऐकवायची, आणि ऐकवताना तिला आपल्या नोकरीचा जरा जास्तच अभिमान वाटायचा.

जगभरातल्या तळ्यांचा, धरणांचा पसारा मोजणाऱ्या एका मोठ्या प्रकल्पाचं लखनौकडचं काम तिच्या कंपनीकडे होतं. आकाशातून आलेल्या फोटोंत मशीन पाणी ओळखायचं, आणि मशीन चकलं की भावना हाताने किनारा आखायची. नियम मात्र कडक होता. एक हेक्टरच्या आतलं तळं यादीत घ्यायचं नाही. आणि यादीत नाही म्हणजे त्याचा गाळ काढायला सरकार तिकडे फिरकणार नाही.

चिनहटच्या पुढे ककरहिया गावात शेजारीशेजारी दोन तळी होती, मधे मातीचा बांध, गावच्या बोलीत मेड़. तपासणीला गेली तेव्हा तिला मोठ्या तळ्याला पायऱ्या दिसल्या, धाकट्याला नुसता चिखल. त्या चिखलात म्हैस धूत उभ्या असलेल्या रामकलीने तिला सांगितलं, "ऊ ठाकुरन का है, ई हमरे टोला का. पानी कम, कीचड़ जादा. बिटिया, हमरा भी लिख लेव."

टोला म्हणजे वस्ती; ती कुणाची, हे भावनाला विचारावं लागलं नाही. तिचे आजोबा विदर्भातल्या ज्या वस्तीतून निघाले, तिथलीही विहीर वेगळीच होती.

धाकटं तळं मोजलं तर हेक्टरच्या आत भरलं. भावनाला ते सहन होईना. तिने सप्टेंबरचा फोटो उघडला. पावसाने बांध बुडाला होता आणि दोन्ही तळी एक दिसत होती. तिने मधली रेघ पुसली, आणि दोन्ही मिळून एकच तळं यादीत गेलं.

टीम लीडर श्रीपाद सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "तिथे बांध आहे ना यार?"

"बुडतो, सर. पाणी एकच आहे."

"अच्छा. फील्डवर तू गेली होतीस, तुला माहीत," म्हणून ते चहाला निघून गेले.

तिचे बाबा, दत्तूजी, रेल्वेतून निवृत्त झालेले. दर मार्चात महाडच्या सत्याग्रहाचा दिवस ते विहारात पाळायचे आणि भावनाला दोन शब्द बोलायला उभं करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "आपल्या माणसांनी तळ्याच्या पाण्यासाठी मार खाल्ला. तू खुर्चीत बसून केलंस." मग विहारात भेटेल त्याला सांगत सुटले, माझ्या पोरीने दोन तळ्यांचं एकच पाणी केलं. भावना लाजायची, पण सुखावायची. रामकलीने फक्त आमचंही लिहा म्हटलं होतं, त्यांचं-आमचं एक करा असं ती म्हणाली नव्हती. एवढा साधा फरक दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरला नाही.

पुढच्या मे महिन्यात ती बाबांना मोठ्या हौसेने ककरहियाला घेऊन गेली. तळं खोल झालं होतं, पाणी स्वच्छ होतं. बांध जेसीबीने काढून टाकला होता. भोवती काटेरी तार होती आणि तारेला बोर्ड, त्यावर तळ्याचं क्षेत्रफळ.

रामकली तारेबाहेरच्या हँडपंपावर होती. म्हैस नव्हती. "बेच दिहेन. कहाँ नहवाई?" तिने भावनाला ओळखलं. "मछरी का ठेका गाँव के प्रधान के भतीजा का मिला, पूरे ताल का. पहिले कहत रहेन कि मेड़ के ई पार हमार. अब मेड़ै नाहीं. नकसा देखाय के कहिन, सरकार लिखे है, एकै ताल है." मग बादली उचलत म्हणाली, "तुमही आई रहौ न, नापै?"

"हाँ," भावना म्हणाली. तिला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाबा बोर्ड वाचत उभे होते. "आकडा तुझाच का?"

"हो."

ते गाडीत जाऊन बसले.

सोमवारी ती श्रीपाद सरांकडे गेली. रेघ परत आखायची म्हणाली. त्यांनी याच महिन्याचा फोटो उघडला, ऐन उन्हाळ्यातला. काठापासून काठापर्यंत पाणी, मधे मातीचा ठिपकासुद्धा नाही. "कुठे आखणार? दाखव," ते म्हणाले. "उलट तूच करेक्ट निघालीस की." त्यांनी ते मनापासून म्हटलं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. तिने केलेली खोटी नोंद गावाने माती उपसून खरी करून दाखवली होती.

संध्याकाळी बाबा दारातच होते. "आखलीस?"

"नाही, बाबा. आता तिथे खरंच एकच पाणी आहे."

ते आत वळले. पुढच्या मार्चात महाडचा दिवस आला तेव्हा विहारात कुणीतरी म्हणालं, दत्तूजी, यंदाही भावनाला बोलू द्या. भावना समोरच बसली होती. तिच्याकडे न बघता बाबा म्हणाले, "नको. यंदा दुसऱ्या कुणाला तरी बोलू दे."