रविवारचा उपास

लेस्टरच्या एका हॉस्पिटलातली आठ माणसं दर मे महिन्यात एका रविवारी कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत सायकली घेऊन जात. पद्माकर त्यांतला एकटाच आपला. चढावर छाती भरून येई, उतारावर डोळ्यांत पाणी. दुपारी पाचशे वर्षं जुन्या एका दगडी गावात, चर्चपाशी सगळे जेवायला थांबत. पण पद्माकरजवळ कोणी बसत नसे. सँडविचं घेऊन सगळे भिंतीपलीकडे जात आणि तो बाकावर एकटा थर्मासमधला चहा पीत बसे. गोरे ते गोरेच, असं सात वर्षं तो मनाशी म्हणत आला. विचारायला अभिमान आडवा येई. बायकोला, सुप्रभालाही त्यानं कधी सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी, शहाऐंशी साली, सुप्रभा गाडी चालवत तिथं आली होती. पहाटे उठून तिनं आठही जणांसाठी थालीपिठं लावली होती. डबा उघडला तसा कांद्याचा वास सुटला. "झाकण लाव," पद्माकर हळूच पण कडक आवाजात म्हणाला. तिनं लावलं. ती थालीपिठं घरी दोन दिवस तिनं एकटीनं संपवली आणि पुन्हा त्या वाटेला फिरकली नाही.

त्र्याण्णवच्या जानेवारीत ती गेली. मे महिन्यात पद्माकरनं तिच्या डब्यातली तळाची भाजणी काढून दोन थालीपिठं लावली. एक करपलं.

चर्चपाशी त्यानं डबा उघडला. एक्स-रे खात्यातला ग्रॅहम भिंतीकडे निघाला होता, तो थबकला.

"आज तुझा उपास नाही?"

"कसला उपास?"

ग्रॅहमनं सांगितलं, की त्या वर्षी डब्यात काय आहे असं त्यानं सुप्रभाला विचारलं होतं. ह्या रविवारी ह्यांचा उपास असतो, म्हणून डबा मिटला, असं ती म्हणाली होती. "तुझ्यादेखत खाणं बरं दिसेना. म्हणून आम्ही पलीकडे बसतो."

आता उपास सोडला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तिचा शब्द राहिला असता, त्याचीही अब्रू राहिली असती.

"उपास कधीच नव्हता," पद्माकर म्हणाला. "मला वासाची लाज वाटली. मीच तिला झाकण लावायला सांगितलं."

ग्रॅहमनं विचारलं, "मग डब्यात होतं तरी काय?"

"हेच. तुम्हा सगळ्यांसाठी."

मान वर न करता त्यानं डबा पुढं केला. थालीपिठं दोनच होती, आणि भिंतीपलीकडे सहा जण बसले होते.