माशाची उचकी

मासा आत्याने शिवला होता, त्यामुळे तोंडापासून शेपटीपर्यंत त्याला एक सुरकुती नव्हती. जुन्या निळ्या पडद्यांचा, आत वेताच्या कड्या घातलेला. वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत आडवा पडला की अर्धी खोली अडवायचा. "इतका शिस्तीचा मासा समुद्रात सापडायचा नाही," असं चर्चचे पाळकसाहेब म्हणाले आणि आत्याने ते कौतुक समजून ठेवून घेतलं.

त्या काळी सुट्टी लागली की चर्चमधली तरुण मंडळी आठवडाभर सेवेला जात. दूरच्या एखाद्या लहान मुलामुलींच्या वसतिगृहात उतरायचं, भिंतींना चुना द्यायचा, मोडके बाक ठोकून काढायचे, मुलांना गाणी-गोष्टी शिकवायच्या आणि शेवटच्या दिवशी कार्यक्रम करायचा. आताच्या मुलांना सांगितलं तर म्हणतात, ही कसली सुट्टी! पण बसमध्ये जागा मिळावी म्हणून तेव्हा भांडणं व्हायची.

आत्याच्या भाचीला, धाकटीला, मात्र तिच्या वडिलांनी मुद्दाम पाठवलं होतं. तिला शिक्षिका व्हायचं होतं, आणि वडिलांना ते पटत नव्हतं. "तू स्वतःच दिवसभर खिदळत असतेस. मुलं डोक्यावर मिरे वाटतील तुझ्या!" शेवटी त्यांनी तोडगा काढला. आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, सहलीची प्रमुख होती. चर्चची रविवारची शाळा चालवण्यात तिचा जन्म गेला होता. "आत्या म्हणाली हिला जमतं, तर कॉलेजात नाव घालतो. नाही म्हणाली, तर काकाच्या औषधाच्या दुकानात उभी राहा. मग रडारड नको."

"कबूल," धाकटी म्हणाली. "रडू आलं तर औषध दुकानातच मिळेल."

आत्या त्यावर हसली नव्हती. वशिला हा शब्द तिच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती, मग भाची असो की कोणी असो.

गोष्ट बसवायची होती ती बायबलमधल्या, माशाने गिळलेल्या देवाच्या संदेष्ट्याची. पण संदेष्टा व्हायला सगळीच मुलं तयार, म्हणून धाकटीने सगळ्यांनाच संदेष्टा केलं.

"संदेष्टा एकच होता," आत्या म्हणाली.

"आत्या, मासा एवढा थोरला शिवलास. रिकामा बरा दिसेल का?"

आत्याने नुसताच चष्मा सारखा केला.

संदेष्ट्यांतली सगळ्यांत लहान होती बटण. तुटलेल्या बटणासारखी ऐन वेळी सापडायची नाही, म्हणून हे नाव. बाकीच्यांना भेटायला रविवारी कोणी ना कोणी यायचं. तिला भेटायला कोणी येत नसे. त्या दिवशी, आणि तालमीच्या वेळीही, ती हमखास पाण्याच्या टाकीमागे असायची, आणि तिला तिथून उठवून आणायचं काम धाकटीने न सांगता स्वतःकडे घेतलं होतं.

कार्यक्रमाला खोली भरली. आया, आज्या, मामा, सगळे दाटीवाटीने बसले. तालमीत निवेदन धाकटी करायची, पण आज तो मान पाळकसाहेबांचा. माशाने पोरं गिळली, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि पाळकसाहेबांनी आपला भरदार आवाज लावला, "आणि माशाने त्यांना किनाऱ्यावर ओकून टाकलं!"

कोणी बाहेर आलं नाही.

"ओकून टाकलं!" पाळकसाहेब आणखी चढ्या आवाजात म्हणाले.

माशाच्या पोटातून बटण ओरडली, "आम्ही नाही येणार! आम्ही काय ओकारी आहोत?"

खोली हसून लोटपोट झाली. धाकटीच्या लक्षात आलं. तालमीत ती "बाहेर सोडलं" म्हणायची. पडद्याआडून आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "पाय धरून ओढ एकेकाला. तमाशा झाला."

ओढलं असतं तर काम झालं असतं. आत्याचं ऐकल्याचंही दिसलं असतं, आणि आत्याच्या तोंडच्या एका शब्दावर कॉलेज अवलंबून होतं. पण धाकटी गुडघ्यांवर बसली आणि सरळ माशाच्या तोंडात शिरली.

आत निळसर उजेड आणि नुसते गुडघेच गुडघे.

"ओकारी फडक्याने पुसतात," बटण मुसमुसत म्हणाली. "सगळे शी करतील."

"खरं आहे," धाकटी म्हणाली. तिला हे खरंच पटलं होतं. "मग माशाला दुसरं काय झालेलं चालेल?"

"खोकला!"

"ढेकर!"

"उचकी!"

"उचकी झकास. ती कधी लागते?"

"कोणी आठवण काढली की!" सगळे एका सुरात ओरडले. बटण तेवढी म्हणाली, "मला उचकी लागतच नाही."

धाकटीने तिला समजावलं नाही. तिचे नाक-डोळे आपल्या ओढणीने पुसले आणि तिला ओढून माशाच्या तोंडाशी, सगळ्यांच्या पुढे बसवलं. मग डोकं बाहेर काढून खणखणीत आवाजात म्हणाली, "मंडळी, माशाला उचकी लागलीय! पोटातल्या ज्या पोराची आठवण येते, त्याचं नाव घ्या. त्याशिवाय ती थांबायची नाही!"

पाळकसाहेबांनी हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात उचकी नव्हती. आतून सगळ्यांनी मिळून "उक्!" केलं आणि मासा वेताच्या कड्यांसकट टुणकन उडाला.

आया-आज्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी कोण बोलणार? धाकटीने बटणच्या खांद्यावरचा हात काढला नाही. आपणच ओरडावं म्हणून तिने श्वास घेतला, एवढ्यात पडद्याआडून, रविवारच्या शाळेत हजेरी घेतानाच्या कडक आवाजात, हाक आली, "बटण!"

बटण अशी सुटली की थेट आत्याच्या पोटावरच जाऊन आदळली. मग हाकांचा पाऊस पडला. एकेक नाव, एकेक "उक्", एकेक पोर बाहेर. पाळकसाहेबही शेवटी "उक् उक्" करू लागले. माशाची शिवण टरकन उसवली, तरी आत्या हाका मारतच राहिली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. धाकटीनेच विषय काढला.

"बाबांना काय सांगणार?"

"खरं तेच. मुलं हिच्या डोक्यावर मिरे वाटतात."

धाकटीचा चेहरा उतरला.

"आणि वाटून झाले की हिचं ऐकतात," आत्या म्हणाली. "मला हे जमायला फार वर्षं लागली. त्याला म्हणावं, उद्याच नाव घाल."

धाकटी हसायला लागली तोच आत्याला जोरात उचकी लागली. मग आणखी एक. धाकटीने घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली. आत्याने ती हाताने बाजूला सारली.

"राहू दे," ती म्हणाली. "थांबवू नकोस."