तुमिनाच्या घरातलं अस्वल

"बकरी?" संपादकबाईंनी चष्मा वर सारला. "दार्सोनोसाहेब, हवामान बदलाचं पान आहे हे. अस्वल काढा ना. पांढरं, बर्फावर एकटं, डोळ्यांत पाणी. बकरी बघून लोकांना ईदची कुर्बानीच आठवेल."

दार्सोनोने मान डोलावली. इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या या दैनिकात तीस वर्षं व्यंगचित्रं काढताना त्याने ढीगभर अस्वलं रडवली होती, जन्मात एक पाहिलं नसताना. या आठवड्यात तो निवृत्त होणार होता. आणि डेमाकच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बहिणीला, तुमिनाला, त्याने शब्द दिला होता की समुद्राने गिळायच्या आत तुझं घर एकदा पेपरात आणीन. म्हणून तर तिची बकरी काढली होती. पण बाईंचंही खोटं नव्हतं. त्याला काही सुधरेना. चित्र घेऊन तो सरळ बहिणीकडेच गेला.

भरतीचं पाणी घरात येतं म्हणून तुमिनाने तीनदा भर टाकून जमीन उंच केली होती. छप्पर होतं तिथेच राहिलं. दारातून वाकून शिरायचं, आतही वाकूनच वावरायचं.

"ही का रडतेय रे दादा?" चित्र बघून तिने विचारलं.

"जनावर रडलं की लोकांना कळवळा येतो."

"या घरात ताठ उभी राहते ती एकटीच. मेलीला रडायला काय झालंय? आणि मी कुठाय?"

दार्सोनो गोंधळला. अशा चित्रात माणूसही असतो, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने वाकलेली तुमिना काढली, शेजारी ताठ बकरी.

"या बाईची कंबर दुखतेय का?" संपादकबाईंनी विचारलं. पान छपाईला जायची वेळ झाली होती. दहा मिनिटांत त्याने अस्वल काढून दिलं.

शनिवारी तो पेपर घेऊन बहिणीकडे गेला. तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

"घर नाही आलं गं. माझं चुकलं."

तुमिना चित्राकडेच बघत होती. "याला कुणीच नाही का रे?"

"नाही."

"बिचारं."

तिने अस्वल कापून काढलं, खळ लावली आणि भिंतीवर अगदी वर, छपराला टेकवून चिकटवलं.

"इथवर पाणी यायचं नाही," ती म्हणाली.

ते बघायला दार्सोनोला वाकावं लागलं.