केक कापलेली तलवार

मित्रांनो, मी तलवार आहे. पण माझ्या वाट्याला कधी लढाई आली नाही. परांड्याच्या एका लोहारानं ट्रकच्या जुन्या पाट्यातून मला घडवलं. सोनारीच्या पलीकडं मेंढपाळांची एक वस्ती आहे. तिथल्या बिरू आजानं बिरोबाच्या जत्रेसाठी मला करून घेतलं होतं. जत्रेत ढोल घुमू लागले की आजा मला घेऊन देवापुढं खेळायचा. बाया लेकरांना मागं ओढायच्या आणि हात जोडायच्या. एरवी मी देव्हाऱ्याशेजारी, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या फडक्यात पडून असायची.

आजा गेला आणि मी त्याच्या लेकाकडं, श्रीमंतकडं आले. श्रीमंत मेंढरं राखतो. माणूस कमी बोलणारा. जत्रा जवळ आली की तो आधी पोलीस पाटलाच्या कानावर घालायचा, मगच मला बाहेर काढायचा. लेकरांनी मला हात लावलेला त्याला खपत नसे. "देवाची हाय ती," एवढंच म्हणायचा.

त्याला दोन लेकरं. थोरला शिवशंकर, धाकटी अक्षदा. शिवशंकर धाराशिवला खोली करून शिकला आणि बी.एस्सी. झाला. वस्तीवरचा तो पहिला पदवीधर. पाठोपाठ वनरक्षकाच्या भरतीत त्याची निवड झाली. माळावर मेंढरांमागं धावलेल्या पायांनी मैदान सहज मारलं होतं. त्याच्या आईनं, सिताबाईनं, घरोघरी साखर वाटली. आता पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली की नेमणूक होणार होती.

कॉलेजातल्या कुलदीपला शिवशंकरनं कधीतरी माझ्याबद्दल सांगितलं होतं. निवड झाल्यावर कुलदीपनं पार्टीचा हट्ट धरला. केक चाकूनं कापण्यात काय मजा, तुझ्या घरी तलवार आहे की, असं तो म्हणाला. शिवशंकर आधी नको म्हणाला. मग सगळे हसले, आणि हसण्यापुढं त्याचा नकार टिकला नाही.

दुपारी श्रीमंत माळावर होता, सिताबाई विहिरीवर. शिवशंकरनं मला पोत्यात गुंडाळून मोटारसायकलला बांधलं. दारात अक्षदा उभी होती.

"आबांना विचारलंस का, दादा?"

"सांजच्याला आणून ठिवतो. त्यांना कळायचं बी न्हाय."

धाराशिवबाहेर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मोटारसायकलच्या सीटवर केक मांडला होता. शिवशंकरनं मला उपसून डोक्यावर धरलं. येणारी-जाणारी वाहनं हळू होत होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन घाईनं पलीकडं गेली. देवापुढं बाया मागं सरायच्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भक्ती असायची. या बाईच्या डोळ्यांत नुसती भीती होती. मग मला केकमध्ये खुपसलं. निळी क्रीम माझ्या पात्याला लागली आणि पोरं ती बोटांनी पुसून चाटू लागली. त्यांच्या हसण्यात मी वितळून जावं असं मला वाटलं. पण पोलाद लाजेनं वितळत नाही. कुलदीप हे सगळं मोबाईलमध्ये टिपत होता. त्यानं वर दणदणीत गाणं लावलं आणि व्हिडिओ लोकांत सोडून दिला.

शिवशंकरनं मला संध्याकाळी खरंच परत आणून ठेवलं. धांदलीत नीट पुसायचं मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर पोलिसांची जीप आली. फौजदार बाईंनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला आणि तलवार मागितली. अक्षदानं मला आणून दिलं. श्रीमंत माळावरून आला तेव्हा मी जीपच्या बोनटवर उघडी पडले होते. मुठीजवळ क्रीम वाळली होती. ज्या बाया माझ्यापुढं हात जोडायच्या, त्या तोंडाला पदर लावून बघत होत्या. श्रीमंतनं लेकाकडं पाहिलं. लेकानं जमिनीकडं.

ठाण्यात बाईंनी विचारलं, हत्यार कुणाचं आणि याच्या हातात आलं कसं?

"माझंच हाय, मॅडम," श्रीमंत म्हणाला. "म्याच दिलं त्याला. लेकराचा दोष न्हाय."

बाईंनी शिवशंकरकडं पाहिलं. "हे खरं आहे का?"

मित्रांनो, त्यानं नुसती नाही म्हणून मान हलवायची होती. नेमणूक तोंडावर होती. तो गप्प राहिला, आणि त्या गप्प बसण्याला हो समजून बापाचा जबाब लिहिला गेला. श्रीमंतनं सही केली. आयुष्यात ठाण्याची पायरी न चढलेला माणूस आरोपी झाला.

आणि एवढं करून पोरगा सुटला नाहीच. व्हिडिओत तोच होता. परवान्याशिवाय हत्यार बाळगलं आणि चारचौघांत मिरवलं, म्हणून त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला, कुलदीपवरही. कुलदीपनं व्हिडिओ पुसला होता, पण तोवर तो किती जणांच्या मोबाईलमध्ये गेला होता कोण जाणे. पडताळणीत गुन्हा निघाला आणि शिवशंकरची नेमणूक अडली. माझ्या मुठीला नंबराची चिठ्ठी बांधून मला मुद्देमालाच्या खोलीत टाकलं. शेजारी विहिरीवरून चोरलेल्या पाण्याच्या मोटारी आणि दारूचे कॅन.

पुढं खटला कोर्टात उभा राहिला आणि मला टेबलावर ठेवलं. श्रीमंत धुतलेलं धोतर नेसून आला होता. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं त्यानं ठरवलं होतं. आपल्याला शिक्षा झाली तर पोराची नोकरी वाचेल, असा त्याचा साधा हिशोब. न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का असं विचारताच तो हो म्हणायला पुढं झाला. तेवढ्यात शिवशंकर बोलला.

"साहेब, आबांना ठाऊक न्हवतं. म्या न विचारता नेली. त्या दिवशी ठाण्यात म्या गप बसलो."

श्रीमंतनं डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी श्रीमंतला नीट विचारून घेतलं. शेवटी त्यानंही खरं सांगितलं, आणि यथावकाश तो सुटला. शिवशंकरनं गुन्हा कबूल केला, त्याला दंड झाला. वनरक्षकाची जागा गेली. आणि मला मोडीत काढायचा हुकूम झाला. बाहेर पडताना बापानं लेकाच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली पोरगा अधिकच वाकला.

हवालदारांच्या बोलण्यातून मला कळलं की बापलेक मेंढरं घेऊन जळकोटकडं उतरलेत. तिथं वनखात्याच्या हद्दीवर शिवशंकरच्याच वयाचा नवा वनरक्षक खाकी कपड्यांत येतो आणि मेंढरं मागं घ्यायला सांगतो. शिवशंकर मुकाट्यानं कळप वळवतो.

मित्रांनो, मला थोड्याच दिवसांत तोडतील. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण तुम्ही नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडला असाल, तर माझं एवढं ऐका. कॉलेजात चूक झाली तर सर ओरडतात आणि सोडून देतात. बाहेर चुकीची नोंद होते, आणि तिला तुमचं वय दिसत नाही. मित्र हसतील म्हणून हातात काही धरू नका. मोबाईल समोर धरलेला असताना तर नकोच. आणि तरीही पाय घसरला, तर पहिल्याच दिवशी खरं बोला. तुमच्याऐवजी आरोपी व्हायला तुमचा बाप केव्हाही तयार असतो. त्याच्यावर तशी वेळ आणू नका.